ट्रे शेजारीच, तरी बोंड्याला चादरच पाहिजे

प्रश्न: मावशी, आम्ही जुळे सोलापूरला राहतो, मिस्टरांचा चादरी-टॉवेलचा होलसेलचा धंदा आहे. मागच्या महिन्यात ते एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून मांजराचं पिल्लू घेऊन आले, मागाखाली सुताच्या वेस्टमधे पडलेलं होतं, आईचा पत्ता नाही. आता दोन-अडीच महिन्यांचं असेल, नाव बोंड्या. ऑनलाइन मांजराच्या शी-शूचा ट्रे मागवला, त्यात घालायचं गुलाबाच्या वासाचं, गोळे होणारं लिटर मागवलं आणि बाथरूमजवळ वॉशिंग मशीनच्या बाजूला ठेवलं. पहिले काही दिवस गेला त्यात. आता शी कधीमधी ट्रेमधे करतो पण शू मात्र दिवाणाखालच्या चादरींच्या गठ्ठ्यावर नाहीतर माझ्या गादीवर. मिस्टर त्याचं नाक त्यात घासतात, मी रोज फिनेलनं फरशी पुसते, सासूबाईंनी कोपऱ्याकोपऱ्यात डांबर गोळ्या टाकल्यात. काही फरक नाही. सासूबाई म्हणतात, मार्केट यार्डात सोडून या. पुढच्या महिन्यात नणंद बाळंतपणाला येणारे, तेव्हा तर घरात मांजर नकोच म्हणतात. काय करू?

उत्तर: अगं, बाकीचं नंतर वाच, आधी उठ आणि त्या डांबर गोळ्या उचलून घराबाहेर टाक. सगळ्या, कपाटामागं गेलेल्या पण. त्यात बहुतेक वेळा नॅप्थॅलीन असतं आणि मांजराला ते विषच आहे, पिल्लू एखादी गोळी खेळता खेळता चाटलं किंवा चावलं तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटायला लागतात, लिव्हरवर येतं. आणि सासूबाईंना हे सांग की तान्ह्या बाळाला पण हे वाईट, जी६पीडी नावाचं एक एन्झाइम काही बाळांमधे जन्मतःच कमी असतं, अशा बाळांना डांबर गोळीच्या वासाच्या कपड्यांत गुंडाळलं तर रक्त फुटून जोराची कावीळ झाल्याच्या केसेस आहेत. नातवंडाचं नाव घेतलंस की गोळ्या आपोआप उचलल्या जातील बघ, मांजराच्या नावानं कदाचित नाही उचलणार.

दुसरं, फिनेल बंद. मला माहितीये आपल्याकडं फिनेलचा वास आल्याशिवाय घर पुसल्यासारखं वाटत नाही, पण मांजराच्या लिव्हरला फिनॉल जातीची रसायनं नीट पचवता येत नाहीत, माणसाला किंवा कुत्र्याला जमतं तेवढं त्यांना जमत नाही. ते फरशीवरून चालतं, मग पाय चाटतं, आणि दिवसातून किती वेळा चाटतं ते तू बघतेसच की. काळं फिनेल सगळ्यात वाईट, पांढरं पण नको, आणि पाण्यात डेटॉल टाकून पुसायची सवय असेल तर ती पण सोड. वर त्या उग्र वासानं त्याचा वास झाकला जातो असं आपल्याला वाटतं, त्याच्या नाकाला खालचा वास येतच असतो, म्हणजे पिल्लू आजारी पडणार आणि जागा तीच राहणार.

आता मुद्द्याचं. तू पत्रात सगळं उत्तर स्वतःच लिहिलंयस आणि तुझ्याच लक्षात आलेलं नाहीये. बोंड्या सापडला कुठं? मागाखाली, सुताच्या वेस्टमधे. मांजराचं पिल्लू साधारण तीन-चार आठवड्यांचं झालं की स्वतःहून शी-शू करायला लागतं (त्याआधी आई चाटून करवून घेते), आणि त्या वयात पायाखाली जे लागतं तेच त्याच्या डोक्यात संडास म्हणून बसतं. अंगणात वाढलेल्याला माती कळते, बांधकामावर जन्मलेल्याला वाळू कळते. तुझ्या बोंड्याला कळलंय सूत, मऊ, पाणी शोषून घेणारं, पंजानं ओढलं की गोळा होणारं. आणि तू त्याला आणलंस कुठं तर चादरींच्या होलसेलवाल्याच्या घरात! दिवाणाखाली गठ्ठेच्या गठ्ठे, त्याच वासाचं, त्याच पोताचं सूत, त्याला वाटलं असणार वा, इथं तर लई मोठी सोय आहे. ते खोडी काढत नाहीये, सूड घेत नाहीये, आईविना जेवढं शिकलं तेवढंच इमानदारीत करूलालंय बिचारं.

म्हणून ओरडून काही होणार नाही, आपल्याला त्याची ही आवड ट्रेमधे न्यायचीये आणि मग हळूहळू बदलायचीये. कसं ते सांगते. सध्याचं लिटर सगळं काढून टाक. ट्रेमधे जुनी, विरलेली सुती चादर फाडून तिचा तुकडा अंथर, किंवा मिस्टरांना सांगून कारखान्यातून पिशवीभर सुताचं वेस्ट आणायला लाव, ते तर फुकटच मिळेल. लांब मोकळे धागे मात्र आधी निवडून काढ हं, मांजरं दोरा गिळतात आणि तो आतड्यात अडकला तर ऑपरेशनवर जातं, म्हणून मला तरी चादरीचा तुकडाच बरा वाटतो, कडेच्या दशा कापून. त्याच्यावर मूठभर नवीन लिटर भुरभुरायचं. गठ्ठ्यावरची शू पुसलेला कागदाचा बोळा पण एक त्यात ठेवून द्यायचा, वासानं त्याला पत्ता सापडतो. तुकडा ओला झाला की बदल, पण दोन-चार दिवसांनी तुकडा जरा लहान आणि लिटर जरा जास्त, असं करत करत दोन-तीन आठवड्यांत कापड संपलं पाहिजे. मधेच परत गादीवर गेला तर चिडायचं नाही, एक पायरी मागं यायचं, तुकडा परत मोठा करायचा, मग परत पुढं.

लिटर कुठलं घ्यायचं? गुलाबाचं तर नकोच. तो वास आपल्यासाठी असतो गं, मांजराला तो नाकात अत्तराचा बोळा घातल्यासारखा होतो. आणि गोळे होणारं बेंटोनाइट मातीचं लिटर इतक्या लहान पिल्लाला द्यायचं नसतं, या वयात ते सगळं तोंडात घालून बघतात, पोटात जाऊन ते ओलं झालं की तिथं पण गोळाच होतो. चार महिन्यांचा होईपर्यंत तरी गोळे न होणारं, बिनवासाचं घे. नाहीतर सरळ बारीक वाळू, चाळून, एकदा धुऊन, गच्चीवर उन्हात कडक वाळवून. सोलापूरच्या उन्हाला तेवढं एक काम सांगायला काय हरकत आहे. आपली घरची मांजरं मूळची आफ्रिका आणि मध्यपूर्वेतल्या रानमांजराची, वाळवंटी भागातली, त्यामुळं बारीक वाळूसारखं काही पायाखाली आलं की बहुतेकींना उकरायची बुद्धी होतेच. सुताराकडचा भुस्सा मात्र नको, त्याची धूळ छातीत जाते आणि प्लायवूडचा असेल तर त्यात गोंद-केमिकल असतंय. ट्रेमधे दीड-दोन इंच थर पुरे.

ट्रेची कड किती उंच आहे ते लिहिलं नाहीस. ऑनलाइनचे ट्रे मोठ्या मांजराच्या मापाचे असतात, पिल्लाला चढून आत जायचं म्हणजे कसरत, आणि घाई लागलेली असताना कोण कसरत करणार. एका बाजूनं कड दोन-अडीच इंचाची पाहिजे. नसेल तर पसरट प्लॅस्टिकचा साधा ट्रे बाजारातून आण, शंभर-दोनशेत काम होतं, झाकणवाला महागडा तर अजिबात नको.

आणि ती जागा! वॉशिंग मशीनच्या बाजूला ठेवलास ना, मग सांग, पहिले काही दिवस गेला आणि नंतर बंद का झाला? माझा अंदाज, एखाद्या दिवशी तो ट्रेमधे बसलेला असताना मशीन ड्रायरवर गेलं आणि जे धडधडायला लागलं त्यानं त्याची हवा गेली. मागाच्या खडखडाटात जन्मलेलं पोर आहे, तरी माग लांबून सारखा वाजत असतो, हे अचानक अंगावर येतं. एकदा असं झालं की मांजर ट्रेलाच घाबरतं, मशीनला नाही. ट्रे शांत कोपऱ्यात पाहिजे, जाण्यायेण्याच्या वाटेवर नको, आणि खाण्याच्या वाटीपासून लांब, शक्यतो खोलीच्या दुसऱ्या टोकाला. एक ट्रे पुरत नाही, एक मांजर असलं तर दोन असा साधारण हिशोब असतो, म्हणजे जितकी मांजरं त्याहून एक जास्त. तुझा एक ट्रे सध्या दिवाणाच्या अगदी शेजारी येऊ दे, जिथं तो जातोय तिथंच. हॉलमधे ट्रे बघून पाहुणे नाकं मुरडतील, मुरडू देत. सवय पक्की झाली की रोज वीतभर सरकवत पाहिजे त्या कोपऱ्यात न्यायचा, एकदम उचलून नाही.

ट्रे जवळ आणलास पण दिवाणाखाली गठ्ठे तसेच ठेवलेस तर ही सगळी मेहनत वाया, कारण त्याला निवड करायला दिली की तो चादरच निवडणार, कुणीही निवडेल, सोलापुरी चादरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, काय उगीच मिळालंय. मिस्टरांना स्पष्ट सांग, माल गोडाऊनला हलवा. घरात ठेवायचाच असेल तर पेटीत किंवा प्लॅस्टिकच्या झाकणाच्या डब्यात, आणि दिवाणाखालची फट पुठ्ठ्यानं बंद. बेडरूमचं दार बंदच. सुरुवातीचे पंधरा दिवस त्याला एकाच लहान खोलीत ठेवता आलं तर फार बरं, झोपायची जागा, खाणं, पाणी, ट्रे सगळं तिथंच, तुम्ही घरात आणि जागे असाल तेव्हा बाहेर काढायचं. एवढ्याशा जिवाला अख्खं घर मोकळं दिलं की शू लागेपर्यंत ट्रे कुठल्या खोलीत होता तेच आठवत नाही. खाल्ल्यावर, झोपून उठल्यावर आणि धुडगूस घालून झाल्यावर, या तीन वेळा त्याला उचलून ट्रेमधे ठेवत जा, ठेवायचं आणि बाजूला व्हायचं, पंजा धरून उकरून दाखवायच्या भानगडीत पडू नको, त्यांना ते आवडत नाही. केलं तर लगेच चिकनचा बारीक तुकडा. जमिनीवर फिरत फिरत हुंगायला, उकरायला लागला की समज वेळ झाली.

मिस्टरांना माझा निरोप दे की नाक घासणं आजपासून बंद. तासाभरापूर्वी केलेल्या शूचा आणि आत्ताच्या शिक्षेचा संबंध मांजराला लागत नाही. त्याला एवढंच कळतं की हा माणूस दिसला आणि शू दिसली की आपलं काही खरं नाही. मग ते तुमच्यासमोर ट्रेमधे पण जात नाही, लपून, आणखी आतल्या कोपऱ्यात जाऊन करतं, आणि तुम्हाला चार दिवसांनी वासावरून कळतं. रंगेहाथ सापडला तरी ओरडायचं नाही, टाळी वाजवून नुसतं थांबवायचं, उचलायचं, ट्रेमधे.

साफसफाईचं नीट ऐक, कारण निम्मा प्रॉब्लेम इथं आहे. मांजराच्या शूमधे युरिक ॲसिडचे खडे होतात, ते साध्या पाण्यानं विरघळत नाहीत, वाळल्यावर वास गेल्यासारखा वाटतो आणि पावसाळ्यात हवा दमट झाली की परत उठतो. त्याला एन्झाइमवालं क्लीनर लागतं, पेट शॉपमधे मिळतं. महाग वाटलं तर एन्झाइम असलेली कपड्याची पावडर बघ, पुड्यावर लिहिलेलं असतं, एक भाग पावडर नऊ भाग कोमट पाणी, डाग भिजेल इतकं ओतायचं, दहा-पंधरा मिनिटं तसंच राहू द्यायचं आणि मग साध्या पाण्यानं दोनदा पुसून घ्यायचं, साबण राहता कामा नये. ओली शू असेल तर आधी रद्दीनं दाबून टिपून घे, घासू नको, पसरते. चादरी उकळत्या पाण्यात टाकू नको, वास धाग्यात पक्का बसतो. ब्लीच किंवा ॲसिड तर हातात घेऊच नको, शूमधल्या अमोनियाशी ब्लीच मिसळलं की विषारी गॅस होतो आणि अमोनियावाल्या क्लीनरचा वास तर मांजराला शूसारखाच येतो, म्हणजे ते आमंत्रणच झालं. घरात शहाबादी असेल तर अजून जपून, तो दगड पितो, सांध्यातून खाली जातं, तिथं एकदा करून भागत नाही, तीन-चार वेळा करावं लागतं. दुकानात नोटा तपासायची निळी टॉर्च असेल ना मिस्टरांच्या, रात्री लाइट बंद करून ती फिरव, जुने डाग पिवळट-हिरवे चमकतात, आणि गादीवर तू समजतेस त्याच्या दुप्पट निघाले तर मला दोष देऊ नको. साफ झालेल्या, ट्रेपासून लांब असलेल्या जागेवर त्याची खाण्याची वाटी ठेवून दे. जेवतात तिथं मांजरं सहसा घाण करत नाहीत.

आणि हे सगळं पाणी रोज न येणाऱ्या गावात करायचंय, मला माहितीये. म्हणून ट्रेच्या तळाला रद्दीचा जाड थर घाल, शी-शू दिवसातून दोनदा उचल, आणि अख्खा ट्रे रिकामा करून धुणं पाणी यायच्या दिवशी. साध्या भांड्याच्या साबणानं.

एक गोष्ट मात्र घरी बसून ठरवता येणार नाही. शी ट्रेमधे आणि शू बाहेर असं असलं की एकदा डॉक्टरांना दाखवावं. बहुतेक ते सुताचंच प्रकरण आहे, पण शू करताना रडत असेल, परत परत बसून थेंब थेंबच येत असेल, लालसर दिसत असेल तर सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा खासगी डॉक्टरांकडं त्याच दिवशी ने. शू पूर्णच अडकली तर, विशेषतः बोक्याची, एक-दोन दिवसांत जिवावर बेततं. जाशीलच तेव्हा जंताचं औषध झालंय का ते विचार, या वयात दर पंधरा दिवसांनी देतात, आणि लसीचं पण. सासूबाई दूध-भाकरी घालत असतील तर ते बंद कर. गाईम्हशीचं दूध बऱ्याच मांजरांना पचत नाही, शी पातळ होते आणि मग ट्रेपर्यंत पोचायला वेळच मिळत नाही. पिल्लांसाठीचं खाणं दे, जोडीला उकडलेलं चिकन, बिनमिठाचं, कांदा-लसूण न घालता.

आता नणंदबाई. त्यांची काळजी अगदीच खोटी नाही, टोक्सोप्लाझ्मा नावाचा एक जंतू मांजराच्या शीतून पसरतो आणि गरोदरपणात तो पहिल्यांदा झाला तर बाळाला धोका असतो. पण हे पण बघ की मांजर तो जंतू साधारण आयुष्यात एकदाच, लागण झाल्यावर एक ते तीन आठवडे शीतून टाकतं, आणि टाकल्यावर तो जंतू लागण करण्याजोगा व्हायला कमीत कमी एक दिवस लागतो. म्हणजे शी रोजच्या रोज, शिळी न ठेवता उचलली की धोका फार कमी होतो. माणसांना तो बऱ्याचदा अर्धकच्चं मटण आणि न धुतलेल्या भाज्यांतून, मातीतून येतो. नियम सोपा, नणंदेनं ट्रेला हात लावायचा नाही, ते काम तू किंवा मिस्टर, हातमोजे घालून, मग साबणानं हात. बोंड्याला कच्चं मटण-चिकन द्यायचं नाही. त्यांच्या डॉक्टरांना घरात पिल्लू आहे हे सांगून ठेवा, गरज वाटली तर ते रक्ताची टेस्ट करतील. बाळ आल्यावर पाळण्याच्या खोलीचं दार बंद, बोंड्याला आत प्रवेश नाही, एवढं पाळलंत तर दोघंही सुखात राहतील. केस पोटात जाऊन अमुक होतं वगैरे कुणी सांगायला आलं तर हसून चहा दे.

मार्केट यार्डात सोडायचं तर मनातच आणू नको. तिथली कुत्री, ट्रक, आणि ज्याला सुतावर शू करण्यापलीकडं जगातलं काही शिकवलेलं नाही असं अडीच महिन्यांचं पोर. उपाशी-तहानलेलं राहील अशा ठिकाणी जनावर टाकून देणं १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा पण आहे, पण सासूबाईंसमोर कायदा काढू नको, घरात उगाच कोर्ट भरेल. त्यांना खाऊ घालायचं काम दे. दुपारचं चिकन त्यांच्या हातून जाऊ दे, बघ आठ दिवसांत "आमचा बोंड्या" म्हणतात की नाही. अगदीच नणंद ऐकेना झाल्या तर बाळंतपणापुरतं ओळखीच्या घरी ठेव, ट्रे आणि तेच लिटर सोबत देऊन, नाहीतर तिकडं परत पहिल्यापासून.

पाच-सहा महिन्यांचा झाला की नसबंदीचं ऑपरेशन करून घे. नाहीतर बोका असेल तर उभ्यानं, शेपूट थरथरवत भिंतीवर, दारावर, पडद्यावर फवारे मारायला लागेल, आणि ते शिकवून जात नाही. भाटी निघाली तर तीन पिल्लं घेऊन तुझं पुढचं पत्र येईल.

ता. क. उन्हाळ्यात पाण्याच्या दोन-तीन वाट्या वेगवेगळ्या ठिकाणी ठेव, ट्रेपासून लांब. आपल्याकडं चाळीस-बेचाळीसच्या वर पारा जातो, पाणी कमी पडलं की शू घट्ट होते, वास पण जास्त येतो आणि मांजराला जळजळ पण होते. खाण्यात थोडं कोमट पाणी कालवलंस तरी चालेल.